शेजाऱ्यांची आवड

दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावण्याची मला खोड आहे. खडकीहून मेट्रोनं मंडईकडे निघालो की वाचायला घेतलेलं पुस्तक पिशवीतच राहतं आणि नजर शेजारच्या हातातल्या काचेवर जाते. कोणाचे कोणाला निरोप आलेत, यात मला रस नाही. तसलं काही दिसलं तर मी मान वळवतो. मला बघायचं असतं ते माणसं काय बघतात. सुट्टीवर निघालेला एक जवान भोजपुरी गाण्यावर पायानं ठेका धरतो. कॉलेजातली मुलगी कोरियन मालिका बघत असते आणि पडद्यावरची नायिका रुसली की हिच्याही भुवया आक्रसतात. एक गृहस्थ ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधला एकच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतात आणि दर वेळी त्याच जागी हसतात. त्यांच्या पलीकडची बाई कसली तरी आरती बघता बघता मध्येच बोट फिरवून भांड्यांच्या जाहिरातीवर जाते, आणि परत आरतीवर येते.

हे सगळं मला आवडतं, कारण यातलं काहीही मी निवडलेलं नसतं. माझा स्वतःचा मोबाइल फार आज्ञाधारक आहे. आर. डी. बर्मनचं एक गाणं ऐकलं की तो पुढे पंचमच पंचम वाढत राहतो. अशोक सराफांचा एक प्रवेश बघितला की त्याला वाटतं, या माणसाला जन्मभर अशोक सराफच हवे आहेत. हवे आहेतच, पण त्याला ते इतक्या लवकर कळायला नको होतं. मला काय आवडतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो मला नवं काही आवडू देत नाही.

माझी आवड मुळात माझी कधी नव्हतीच. ती शेजाऱ्यांची होती.

वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि आम्ही रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. 1869पासूनचा हा कारखाना. त्याच्या भोंग्यावर खडकीतली निम्मी घड्याळं लागायची. शेजारीपाजारी देशाच्या कानाकोपऱ्यातून बदली होऊन आलेली माणसं. एका भिंतीपलीकडे तमिळ कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली, वरच्या मजल्यावर केरळचे एक काका, समोर पंजाबी. सदाशिव पेठेत वाढलेल्या माझ्या मावसभावांच्या कानांवर सकाळी भक्तिसंगीत आणि संध्याकाळी नाट्यसंगीत पडे. माझ्या कानांवर काय पडेल, ते भिंती ठरवत. क्वार्टर्सच्या भिंतींमधून आमटीच्या फोडणीपासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळं ऐकू यायचं, तिथे टेपरेकॉर्डरची काय कथा!

दुर्गापूजेच्या दिवसांत बंगाली काकांकडे पूजेच्या गाण्यांच्या तबकड्या वाजत. बंगालमध्ये पूजेच्या मोसमात नवी गाणी काढायची मोठी परंपरा. पंचमनं आपल्या कितीतरी चाली आधी तिथे वाजवून बघितल्या आणि मग हिंदीत आणल्या. रूबी राय नावाच्या मुलीची आठवण काढणारं त्याचं स्वतःच्या आवाजातलं बंगाली गाणं मी भिंतीला कान लावून पाठ केलं होतं, अर्थाचा एक शब्द न कळता. पुढे कधीतरी रेडिओवर किशोरकुमारच्या आवाजात ‘अनामिका’तलं (1973) गाणं लागलं. चाल तीच. मला वाटलं, हिंदीवाल्यांनी आमच्या शेजाऱ्यांचं गाणं चोरलं! त्या रागातून सावरायला बराच काळ गेला. अजूनही ते हिंदी गाणं मला भाषांतर वाटतं.

तमिळ काकूंकडून इळैयाराजा आला. त्या कपडे वाळत घालताना गुणगुणत. गळा बेताचाच, पण सूर पक्का. ‘सदमा’ (1983) बघायला आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो, तेव्हा काकू पहिल्यापासूनच रुमाल हातात धरून बसल्या होत्या. बालू महेंद्रनं हाच सिनेमा आदल्या वर्षी तमिळमध्ये केला होता, कमल हासन आणि श्रीदेवी यांनाच घेऊन. शेवटी रेल्वे स्टेशनवर काय होणार, हे काकूंना माहीत होतं. आमचं लक्ष पडद्यापेक्षा त्यांच्या रुमालाकडे, आणि तो डोळ्यांकडे गेला की आम्ही घाबरून पडद्याकडे बघायचो.

1985मध्ये महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ आला. काकूंना मराठी बेताचं यायचं, तरी त्या आईबरोबर आल्या. लक्ष्मीकांत बेर्डे शरद तळवलकरांना आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागला आणि सगळं थिएटर लोळायला लागलं. काकू मात्र ताठ बसून होत्या. बाहेर पडल्यावर त्यांनी तुटक्या मराठीत आम्हाला ऐकवलं की हे सगळं त्यांच्या नागेशनं वीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आणि जास्त चांगलं करून ठेवलंय. खरंच होतं ते. श्रीधर यांचा 1964चा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ हिंदीत ‘प्यार किये जा’ (1966) झाला, आणि तिथून मराठीत आला. तमिळमध्ये नागेश, हिंदीत मेहमूद, मराठीत लक्ष्या. पुढे मी तिन्ही शोधून बघितले. माझं मत आता स्पष्ट आहे: नागेश पहिला, मेहमूद दुसरा, पण हसू मात्र मला सगळ्यात जास्त लक्ष्याचंच येतं. श्रेष्ठ कोण आणि आपलं कोण, या दोन याद्या वेगळ्या ठेवता आल्या की माणूस सुखानं सिनेमे बघू शकतो.

दूरदर्शनवर तेव्हा रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागे, खाली इंग्रजी अक्षरं. पुरस्कार मिळालेले सिनेमे. सिंहगडाच्या मनोऱ्यावरून आलेलं ते चित्र कधी हलायचं, कधी बर्फात हरवायचं. मल्याळम सिनेमा असला की वरचे काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे बघायला येत, जणू त्यांच्या घरचं कार्य आहे. सिनेमात एक माणूस भातशेताच्या बांधावरून चालत यायचा. बराच वेळ चालायचा. मग होडीत बसायचा. आम्ही पोरं चुळबुळत बसायचो, आई भाजी निवडत बसायची. काका थोड्या वेळानं खुर्चीतच झोपून जात आणि सिनेमा संपला की जागे होऊन, “कसा वाटला?” असं अभिमानानं विचारत. आम्ही “छान” म्हणायचो. ते धड खरं नव्हतं, धड खोटंही नव्हतं. तो बांध, ती होडी आणि इंजिनाशिवाय पुढे सरकणारं पाणी मला आजही दिसतं. कंटाळा आला तरी उठता येत नव्हतं, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. त्या सक्तीच्या कंटाळ्यात डोळ्यांवर काहीतरी संस्कार झाले असणार. आज सत्यजित राय किंवा अदूर गोपालकृष्णन बघताना माझा हात मोबाइलकडे जात नाही, याचं श्रेय मी स्वतःला अजिबात देत नाही.

गणपतीत खडकी बाजारात रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा लागे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला उलटी बाजू. तिथून नावं उलटी दिसत, गाड्या उजवीकडून पळत, शर्टांचे खिसे छातीच्या दुसऱ्या बाजूला. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. एक मोठा वाद मात्र दर वर्षी होई: अमिताभ कोणत्या हातानं मारतो? अमिताभ मुळात डावखुरा. सुलट बाजूला बसलेली पोरं म्हणत डाव्या, उलट बाजूची म्हणत उजव्या, आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी बघितलेलं असे. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यावरून मारामारी होई. तीही आपापल्या हातानं.

एवढं सांगितल्यावर मी जुन्याचा भक्त आहे, असं कोणाला वाटेल. नाहीये. जुन्यातलं बरंचसं टाकाऊ होतं, आणि ते टाकाऊ आहे हे तेव्हाही कळत होतं. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) कधीही, कुठूनही लावा, मी बसून बघेन. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (1966) आहे. पण भाड्याच्या खोलीसाठी बाईचं सोंग घेण्याची वेळ येणं, ही गोष्ट पुण्यात खोली शोधलेल्या माणसाइतकी कोणाला कळणार? त्या सिनेमाचं वय होत नाही, कारण घरमालकांचंही होत नाही. पण त्याच्या यशानंतर जी रांग लागली तिची आठवण कोण काढतं? तोच बंगला, तीच गच्चीवरची मारामारी, तेच साडी नेसलेले पुरुष, तीच बहिरी आत्या. लक्ष्मीकांत बेर्डेसारख्या नटाला आपण वर्षानुवर्षं डोळे फिरवायला लावले. तो 2004च्या डिसेंबरात गेला, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की अरे, हा किती मोठा नट होता! आपल्या विनोदी नटांना गंभीर भूमिका फार उशिरा मिळतात, आणि कौतुक त्याहूनही उशिरा.

‘माहेरची साडी’ (1991) मला सोसत नाही. ती अलका कुबल, तो छळ, ते एकामागून एक कोसळणारे डोंगर. तरी हे लिहिताना हात थोडा अडखळतो. आईबरोबर समोरच्या पंजाबी काकूही गेल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. दोघी घरी आल्या तेव्हा दोघींचे डोळे सारखेच सुजलेले होते, आणि नंतर बराच वेळ त्या आमच्या ओट्याशी उभ्या राहून आपापल्या सासूबद्दल बोलत होत्या. एक मराठीत, दुसरी पंजाबीत. मी आत बसून पुढे कधीतरी लिहायच्या समीक्षेची वाक्यं जुळवत होतो. सिनेमा वाईट होता या मतावर मी ठाम आहे. पण त्या दोघींना त्या संध्याकाळी जे बोलता आलं, ते एखाद्या चांगल्या सिनेमानं बोलतं केलं असतं का, हे मला सांगता येत नाही.

पुस्तकांचंही तसंच. आमच्याकडे वाचनालयाची पुस्तकं फिरत: सुहास शिरवळकर, नारायण धारप, अर्नाळकरांच्या रहस्यकथा. दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त जवळचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे सायकल मारत गेलं तर भेटेल असा. शिरवळकरांना तेव्हा कोणी साहित्यिक म्हणत नसे. 2013मध्ये ‘दुनियादारी’वर सिनेमा आला आणि ज्यांनी ते पुस्तक अभ्यासाच्या वहीत लपवून वाचलं होतं, ते सगळे तिकीट काढून राजरोस रडायला गेले. सिनेमा मला फार गोड वाटला. पुस्तकातला कडवटपणा कुठेतरी चुलीमागे ठेवून दिलेला. पण थिएटरात माझ्या मागे बसलेल्या पन्नाशीच्या माणसानं श्वास रोखून धरला होता, तो मला ऐकू येत होता.

हल्ली मराठीत ऐतिहासिक सिनेमांचं पीक आहे. मला त्यातले काही आवडतात, बहुतेक थकवतात. तलवार हवेत थांबते, धूळ सावकाश उडते, ढोल वाढत जातात, आणि प्रत्येक वाक्य शिलालेखात कोरायच्या तयारीनं उच्चारलं जातं. माणसं जेवत नाहीत, खोकत नाहीत, एकमेकांना चिडवत नाहीत. ‘पावनखिंड’ (2022) बघताना मला सारखं वाटत होतं, कोणीतरी एक मावळा नुसता बसून पायातला काटा काढतोय असं दाखवा, मग मी वाटेल तेवढा रडेन.

आणि खडकीकर म्हणून माझी एक जुनी तक्रार आहे. आमच्या लढाईवर कोणी सिनेमा का काढत नाही? 5 नोव्हेंबर 1817. बापू गोखल्यांची फौज, समोर कंपनीची पलटण, मधला चिखलाचा माळ, आणि लांब पर्वतीवरून हे सगळं बघत असलेला दुसरा बाजीराव. बारा दिवसांनी, 17 नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. कारण उघड आहे: आपण हरलो. पण हरलेल्या लढाईत गोष्ट जास्त असते. पर्वतीवर उभं राहून आपलं राज्य जाताना दुरून बघणारा पेशवा, यापेक्षा मोठा प्रेक्षक मराठी सिनेमाला मिळायचा नाही. त्याला तिथून काय दिसलं असेल? धूर. आवाज मागाहून आला असेल. एवढ्यावर एखादा शहाणा दिग्दर्शक पूर्ण सिनेमा करेल. करणार कोणी नाही, कारण शेवटी टाळ्या कुठे वाजवायच्या, हे प्रेक्षकांना कळणार नाही.

जुन्याबद्दलचं माझं खरं प्रेम आहे ते माझ्याही जन्माच्या खूप आधीच्या सिनेमांवर. प्रभात कंपनी 1933मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (1936) किंवा शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (1937) आज बघा. विष्णुपंत पागनीस अभंग गातात तेव्हा ते कॅमेऱ्यासाठी गात नाहीत. ‘कुंकू’मधली शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेलं लग्न मानायलाच तयार होत नाही, आणि त्यासाठी तिला कोणी मोठं भाषण लिहून दिलेलं नाही. ती नुसती मान हलवत नाही. आजच्या मालिकांमधल्या रेशमी साड्यांतल्या नायिका सासूचे टोमणे पाचशे भाग ऐकून घेतात. 1937 आणि आज यांतलं जुनं कोणतं?

प्रभातच्याच जागेवर 1960मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिथल्या आवारात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मना 8 जानेवारी 2003 रोजी आग लागली आणि कितीतरी रिळं गेली. टीव्हीवर बातमी बघताना वडील, ज्यांनी आयुष्यात हौसेनं सिनेमा बघितला नव्हता, एकदम उठून बसले. नायट्रोसेल्युलोजला त्यांनी आयुष्यभर हाताळलं होतं. जुन्या सिनेमाची पट्टी आणि तोफेच्या दारूतला नायट्रोकापूस ही सख्खी भावंडं. नायट्रेटचं प्रमाण कमीजास्त, एवढाच फरक. एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःबरोबरच घेऊन येतं. “म्हणजे तुमचे हे सिनेमे आमच्याच खात्यातला माल होता,” ते म्हणाले. पुढे काही दिवस ते मला रिळं कशी साठवायला हवी होती ते समजावत राहिले: किती थंड, किती कोरडं, एका कोठीत किती. सिनेमाबद्दल आम्ही दोघं एवढा वेळ कधीच बोललो नव्हतो. ‘आलम आरा’ची एकही प्रत कुठे उरलेली नाही, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं, आपल्या कोठीतून माल गेल्यासारखं.

आता जुने सिनेमे पुन्हा थिएटरात येतात. ‘तुंबाड’ 2018मध्ये आला तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. 2024च्या सप्टेंबरात परत आला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. धारपांच्या एका कथेतून फुटलेलं ते झाड. वाचनालयाच्या फाटक्या प्रतीत जी भीती वाटली होती, तीच इतक्या वर्षांनी इतक्या पावसात भिजून परत भेटली, याचा मला वैयक्तिक आनंद झाला. 2025च्या डिसेंबरात ‘शोले’ही आला, पन्नास वर्षांनी, साफसूफ करून, मूळ शेवटासह. 1975च्या आणीबाणीत सेन्सॉरला ठाकूरनं गब्बरला ठार मारणं चालणार नव्हतं, म्हणून पोलीस आणावे लागले. दिग्दर्शकाच्या मनातला शेवट आता बघायला मिळाला, याबद्दल सगळे खूश. माझं मत विचाराल तर मला तो परका वाटला. संवादांच्या कॅसेटी लाउडस्पीकरवर ऐकत ज्यांचे गणपती गेले, त्यांच्यासाठी पोलीस आलेलाच ‘शोले’ खरा. सेन्सॉरनं लादलेला शेवट पन्नास वर्षं बघून बघून आमचा झाला; रमेश सिप्पींचा तो राहिला नाही. कलावंताचा हक्क वगैरे मला मान्य आहे. तरी बघणाऱ्याचाही थोडा असावा.

नव्यातलं मला काय आवडतं? पुष्कळ. 2001ला सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’वर माझा जीव आहे, पण तेव्हाच्या सगळ्याच मालिका तशा होत्या असं म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या बाकीच्या मालिका पुन्हा बघाव्यात. ‘हास्यजत्रे’तले नट अफाट आहेत, माझी एवढीच विनंती असते, की विनोद झाल्यावर हसणारी माणसं दाखवू नका, आम्हाला कळतं. ‘सैराट’ 2016च्या एप्रिलमध्ये लागला तेव्हा ‘झिंगाट’ला लोक खुर्च्यांवर चढले होते. शेवटच्या दृश्यात नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. दिवे लागले तरी कोणी उठेना. ज्या पोरांनी मघाशी चपला काढून नाच केला होता, ती मान खाली घालून आपापल्या चपला शोधत होती. त्या थिएटरात जी माणसं एकत्र नाचली, ती सगळीच त्या शेवटाच्या एका बाजूची नव्हती. काहींच्या घरात ती गोष्ट दुसऱ्या बाजूनं घडू शकली असती, हे त्यांना आणि शेजारच्यालाही माहीत होतं. ज्यानं त्यानं आपापल्या मोबाइलवर बघितला असता तर हे शेजारपण त्यात आलं नसतं.

म्हणून मला आताशा ‘तुमच्यासाठी निवडलेलं’ या यादीची धास्ती वाटते. ती यादी चुकते म्हणून नव्हे. ती बरोबर असते. माझ्या भिंतीपलीकडे आता कोण राहतं, काय ऐकतं, मला माहीत नाही. सगळ्यांच्या कानांत बोंडं. बंगाली काका निवृत्त होऊन परत गेले, तमिळ काकू मुलाकडे. नव्या इमारतीच्या भिंती जाड आहेत, आणि दलालानं ते कौतुकानं सांगितलं होतं.

असं मी एकदा माझ्या भाचीसमोर बोललो. तिनं कानातलं एक बोंड काढून ऐकून घेतलं. ती कोरियन गाणी ऐकते. तिच्या खोलीत सात देखण्या पोरांचं मोठं चित्र आहे आणि त्या सातांची नावं, वाढदिवस, खाण्यापिण्याच्या सवयी तिला पाठ आहेत. मी समजून चाललो होतो की हे सगळं तिच्या मोबाइलनं तिला भरवलंय.

“मामा, मला हे वर्गातल्या मैत्रिणीनं लावलं,” ती म्हणाली. “मणिपूरची आहे. बाबा आर्मीत आहेत तिचे. तिची आईसुद्धा हेच ऐकते, लग्नाच्या आधीपासून.”

मग मला ते आठवलं. 2000मध्ये मणिपूरमध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली. थिएटरं बंद पडली, केबलवर हिंदी दिसेना, आणि त्या रिकाम्या जागेत कोरियन मालिका आणि गाणी घुसली. पुण्यामुंबईला त्या लाटेचा पत्ता नव्हता तेव्हा इंफाळच्या बाजारात त्यांच्या सीडी मिळत होत्या. तिथली एक आई फौजी नवऱ्याबरोबर फिरत फिरत खडकीला आली, तिच्या मुलीनं डबा खाताना एक बोंड माझ्या भाचीच्या कानात घातलं, आणि आमच्या घरात कोरिया आला. सोलहून थेट नाही, इंफाळमार्गे. खडकीची छावणी आपलं काम अजून करते आहे म्हणायची.

“आणि तू तिला काय दिलंस?” मी विचारलं.

ती विचारात पडली. “‘बनवाबनवी’ दाखवला. तिला काही कळलं नाही, पण ती हसली. माने तिला फार आवडला.”

मला एकदम उत्साह आला. मी तिला म्हटलं, ‘कुंकू’ बघा दोघी. यूट्यूबवर शोध. तिनं शोधला. सुरू केला. आणि माझ्या देखत वेग वाढवून दीडपट केला.

मी काही बोलणार होतो. शांतारामबापूंच्या त्या रचनेबद्दल, त्या थांबण्यांबद्दल, आणि त्या सिनेमात पार्श्वसंगीतच नाही, नुसते खरे आवाज आहेत, त्याबद्दल. पण मग आमच्या लहानपणीचे खेळ आठवले. शेवटची बस चुकू नये म्हणून ऑपरेटर एखादं गाणं गाळून टाकत असे, गणपतीच्या पडद्यामागून आम्ही अख्खे सिनेमे उलटे बघितले, आणि त्याच आधारावर इतकी वर्षं सगळ्यांना मतं ऐकवत आलो. मी गप्प बसलो.

दीडपट वेगानं शांता आपटे जरा चिडक्या वाटतात. वाईट नाही वाटत, हेही सांगून टाकतो. भाचीनं थोडा वेळ बघितलं, मग लिंक मैत्रिणीला पाठवून दिली आणि क्लासला निघून गेली. त्यांनी पुढे बघितला की नाही, आणि बघितला असेल तर कोणत्या वेगानं, ते अजून कळलेलं नाही. काल मात्र तिनं जाता जाता विचारलं, “मामा, ती नीरा शेवटपर्यंत ऐकत नाही ना त्यांचं?” मी म्हटलं, “बघ की.” आता ती मला सांगते की मी तिला, बघू.